सेलमधला स्वस्त गेम घेऊन पस्तावताय? क्रम उलटा होतोय, तो असा सरळ करा

८५ टक्के ऑफ दिसलं की बोट आपोआप कार्टवर जातं, मग तो गेम लायब्ररीत पडून राहतो, चार-सहा महिन्यांनी कधीतरी उघडला की कळतं अरे हा आपल्या टाइपचाच नाय, किंवा आपल्या मशीनवर धड चालतच नाय, आणि तोवर रिफंडची मुदत कधीच उलटून गेलेली असते. दरवेळी गेमच टुकार असतो असं नाही. बहुतेक लोकांचा क्रम असा असतो की आधी पैसे, मग कधीतरी इन्स्टॉल, मग रिव्ह्यू वाचणं आणि सगळ्यात शेवटी रिफंडचे नियम शोधणं. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. स्टीमबद्दल (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) जास्त लिहिलंय कारण गोंधळ तिथेच जास्त होतो, पण कन्सोलवाल्यांनी (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निनटेंडो) टप्पा ५ अजिबात सोडू नका, तुमची गाडी तिथेच अडते.

टप्पा १: सेल लागायच्या आधीची तयारी

सेल चालू असताना विशलिस्ट (घ्यायच्या गेमची यादी) बनवायची नाही. तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. सेल नसताना, फुल किंमत समोर असताना विशलिस्ट उघडा आणि प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारा: हा आज रात्री फुकट मिळाला तर मी आज रात्रीच खेळायला बसेन का? उत्तर 'बघू कधीतरी' असेल तर काढून टाका. निम्मी यादी इथेच उडते.

मग एका नोटमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवा:

१. मशीनची माहिती: ग्राफिक्स कार्ड, त्याची मेमरी, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) नक्की किती जागा मोकळी आहे. पाठ असेल असं वाटतं, पण ऐनवेळी ग्राफिक्स कार्डाचा नंबर कोणाला आठवत नाही.

२. आधीच घेतलेले आणि न उघडलेले गेम. यात एकाच प्रकारचे दोन पडून असतील, समजा दोन मोठे ओपन वर्ल्ड (मोकळ्या नकाशात हवं तिकडे फिरायचे गेम), तर या सेलमध्ये तिसरा ओपन वर्ल्ड घ्यायचाच नाही. हा नियम कडक वाटतो पण पस्तावा सगळ्यात जास्त हाच वाचवतो.

३. खरं किती वेळ मिळतो ते. रोज पाऊण तास मिळत असेल तर ८० तासांचा आरपीजी (आपलं पात्र घडवत खेळायचा गेम) कितीही स्वस्त असो, तो कित्येक महिने चालणार. 'हाऊ लाँग टू बीट' या साइटवर गेम साधारण किती तासांचा आहे ते कळतं, तिथला नुसत्या मुख्य कथेचा आकडा बघा, सगळं शंभर टक्के पूर्ण करण्याचा नको.

चेक: विशलिस्टमध्ये आता दहाच्या वर गेम असतील तर परत एकदा चाळा.

टप्पा २: सवलत खरी किती ते बघा

टक्क्याकडे बघायचंच नाही, गेमची आजवरची सगळ्यात कमी किंमत किती होती ते बघायचं. 'स्टीमडीबी'वर स्टीमच्या किमतीचा इतिहास दिसतो आणि 'इज देअर एनी डील'वर बऱ्याच स्टोअरचा एकत्र. आजचा भाव त्या नीचांकाला असेल तर ठीक. गेम दर दोन-तीन महिन्यांनी याच भावाला येत असेल तर घाई करायचं कारणच संपलं.

स्टीमवर एखाद्याने मूळ किंमत वाढवली की लगेच सवलत लावता येत नाही, मध्ये साधारण महिनाभर जावा लागतो, त्यामुळे रातोरात भाव चढवून सेलचा बोर्ड लावायचा प्रकार तिथे सहसा चालत नाही. पण मूळ किंमतच अवाच्या सवा ठेवून वर्षभर ९० टक्के ऑफमध्ये फिरणारे गेम भरपूर आहेत. तिथे तो ९० टक्क्यांचा आकडा म्हणजे निव्वळ सजावट, सवलतीनंतरची किंमत हीच त्याची खरी किंमत समजा.

एडिशनचा घोळ इथेच निस्तरा. स्टँडर्ड, डिलक्स, गोल्ड, अल्टिमेट अशी रांग असते आणि बऱ्याचदा डिलक्समध्ये चार कपडे आणि एक साउंडट्रॅक यापलीकडे काही नसतं. उलट काही गेममध्ये गेमचा खरा भाग डीएलसीत (वेगळी विकली जाणारी भर) असतो आणि बेस गेम ९० टक्के ऑफ आणि डीएलसी मात्र जवळजवळ फुल किमतीत असते, म्हणजे स्वस्त वाटलेला गेम पूर्ण घ्यायला गेलं की महागात पडतो. स्ट्रॅटेजी आणि सिम्युलेशनवाल्यांनी हे खास बघा. सगळ्या डीएलसीची बेरीज करा, मग ठरवा.

सावधान: बंडलमध्ये पाच गेम असतील आणि तुम्हाला एकच हवा असेल तर त्या एकट्याची किंमत बघा. बाकीचे चार तुम्ही खेळणार नाही, हे तुम्हालाही माहितीय.

टप्पा ३: स्टोअर पेज खालपर्यंत वाचा

लोक ट्रेलर बघतात, चार स्क्रीनशॉट बघतात आणि संपलं. कामाची माहिती उजवीकडच्या पट्टीत आणि अगदी तळाशी असते. या क्रमाने बघा:

१. 'अर्ली ॲक्सेस' (म्हणजे गेम अजून अपुरा आहे) लिहिलंय का. असेल तर शेवटचा अपडेट कधी आला ते बातम्यांमध्ये बघा. वर्षभर काहीच नसेल तर गेम सोडून दिलेला समजा आणि आज आहे तेवढाच मिळणार असं धरून चाला.

२. वेगळं अकाउंट किंवा वेगळा लाँचर (गेम उघडून देणारं दुसरं ॲप) लागतो का.

३. सिंगल प्लेअर असूनही सतत इंटरनेट लागतं का. युबिसॉफ्टचा 'द क्रू' आठवा: २०१४ चा गेम, मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना, एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला. जुना ऑनलाइन गेम मातीमोल भावात दिसला की आधी सर्व्हर बंद व्हायची घोषणा झालीय का ते शोधा.

४. मल्टीप्लेअर असेल तर आत्ता किती लोक खेळतायत. स्टीमडीबीवर हा आकडा दिसतो. आकडा दोन अंकी असेल तर मॅच लागायची वाट बघत बसाल.

५. सिस्टिम रिक्वायरमेंट. 'मिनिमम' म्हणजे गेम कसाबसा चालू होतो, मजेत चालतो असं नाही. तुमचं मशीन 'रेकमेंडेड'च्या आसपास नसेल तर टप्पा ४ मध्ये तुमच्याच कार्डावर कोणीतरी खेळलेला व्हिडिओ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि एसएसडी 'आवश्यक' लिहिलं असेल तर ते खरंच आवश्यक असतं, जुन्या हार्डडिस्कवर टाकून नशीब अजमावू नका.

टप्पा ४: रिव्ह्यू कसे वाचायचे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिला गैरसमज म्हणजे ९० टक्के पॉझिटिव्ह म्हणजे दहापैकी नऊ मार्क. असं काही नसतं. शंभरातल्या नव्वद जणांनी अंगठा वर केला एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या प्रत्येकाला गेम 'बरा आहे, चालेल' इतकाच वाटलेला असू शकतो. उलट ७२ टक्केवाला एखादा विचित्र गेम काहींना जीव की प्राण असतो आणि बाकीच्यांना झेपत नाही. स्टीमवर ७० ते ७९ टक्क्यांना 'मोस्टली पॉझिटिव्ह' म्हणतात आणि ४० ते ६९ ला 'मिक्स्ड', त्यामुळे मिक्स्ड दिसलं की गेम कचराच असंही नाही. ४२ आणि ६८ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पाटी मात्र एकच.

वाचायचा क्रम असा:

१. आधी निगेटिव्ह. पण शिव्या घालणारे सोडून द्या, कारण देणारे वाचा. पाच-सात वेगवेगळे लोक एकच तक्रार करत असतील तर ती खरी समजा.

२. ती तक्रार *तुम्हाला* खुपेल का ते ठरवा. 'खूप हळू आहे', 'खूप वाचावं लागतं', 'मिशन तेच तेच येतात' या तक्रारी कोणासाठी गेम संपवणाऱ्या, तर कोणासाठी तीच जाहिरात.

३. मग पॉझिटिव्ह, पण तेही ज्यांनी १० ते ३० तास खेळलंय त्यांचे. स्टीमवर तासांचा फिल्टर आहे. अर्ध्या तासात हवेत गेलेल्याचं मत घेऊ नका आणि दोन हजार तास खेळून 'टाइमपास आहे' लिहिणाऱ्याचंही नको, तो वेगळ्याच जगात असतो.

४. 'ऑल' आणि 'रीसेंट' यांची तुलना. रीसेंट म्हणजे मागच्या ३० दिवसांतले. दोन्हीत मोठी दरी दिसली तर काहीतरी घडलंय, ते काय ते शोधा.

दरी दोन्ही बाजूंनी पडते. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' पीसीवर खेळायला पीएसएन (सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क) अकाउंट जोडणं सक्तीचं होणार असं सोनीने जाहीर केलं आणि काही दिवसांत लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, मग सोनीने निर्णय मागे घेतला. गेम तोच, खेळायची मजा तीच, पण त्या आठवड्यात नुसता आकडा बघणाऱ्याचा समज भलताच झाला असता. म्हणून आकडा अचानक पडलेला दिसला की दोन रिव्ह्यू उघडून कारण वाचा.

दुसरं उदाहरण 'सायबरपंक २०७७'. १० डिसेंबर २०२० ला आला, आठवडाभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, जून २०२१ मध्ये परत ठेवला आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने बराचसा गेमच बदलून टाकला. म्हणजे २०२० चे रिव्ह्यू आजच्या गेमबद्दल नाहीतच. पण थांबा, २.० अपडेट पीएस४ आणि एक्सबॉक्स वन यांना मिळालंच नाही. नवीन रिव्ह्यू वाचून जुन्या कन्सोलसाठी सेलमध्ये घेतला तर तुमच्या हातात दुसराच गेम येणार. नाव एक, गेम दोन. रिव्ह्यू कुठल्या मशीनवरचा आहे ते बघणं म्हणूनच गरजेचं.

यानंतर एक गेमप्ले व्हिडिओ, ज्यात कोणी बडबड करत नाहीये. सुरुवात नका बघू, मधूनच कुठेतरी, साधारण चौथ्या-पाचव्या तासाचा वीस मिनिटांचा तुकडा बघा. सुरुवातीला सगळेच गेम झगमगीत असतात, पैसा तिथेच ओतलेला असतो. आणि डेमो असेल तर व्हिडिओच्या आधी डेमो, त्याला तोड नाही.

चेक: 'मी या गेममध्ये दर पाच मिनिटांनी नक्की काय करत असणार?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ग्राफिक्स मस्त, स्टोरी भारी ही उत्तरं धरायची नाहीत.

टप्पा ५: पैसे भरायच्या आधी परतीचा नियम

प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा आणि एकीकडची सवय दुसरीकडे लावली की फसलात.

स्टीम: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. बंडल घेतलं तर त्यातल्या सगळ्या गेमचे तास मिळून २ च्या आत.

एपिक: बहुतेक गेमना तेच, १४ दिवस आणि २ तास. काही वस्तूंवर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असतं, ते बघा.

गॉग: ३० दिवस, डाउनलोड करून खेळला असला तरी. सगळ्यात उदार नियम हाच, आणि त्याचा गैरवापर करू नका असं ते स्वतःच सांगतात.

प्लेस्टेशन: १४ दिवस, पण डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग *सुरूच* केलेलं नसलं पाहिजे. म्हणजे खेळून बघून परत करणं हा प्रकारच नाही, गेम मुळात बिघडलेला असेल तरच अपवाद. ऑटो डाउनलोड चालू असेल तर खरेदीच्या आधी बंद करा.

एक्सबॉक्स: १४ दिवसांत मागता येतो, फार खेळलेलं नसलं पाहिजे, आणि 'फार' म्हणजे किती ते तेच ठरवतात.

निनटेंडो ईशॉप: विक्री झाली की झाली, असंच धरून चाला.

शेवटचे दोन-तीन बघितले की कळेल, कन्सोलवर टप्पा ३ आणि ४ हीच तुमची खरी सुरक्षा आहे. तिथे डिस्क किंवा कार्ट्रिज मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी त्याचा विचार करा, नाही आवडला तर निदान पुढे विकता येतो.

सावधान: बाहेरच्या साइटवरून स्वस्तात घेतलेली 'की' (गेम मिळवायचा कोड) स्टीमवर टाकली तर स्टीम तिचा रिफंड देत नाही, कारण पैसे त्यांच्याकडे गेलेच नाहीत. कुठून आली ते माहीत नसलेल्या कीज नंतर रद्दही होऊ शकतात. जेवढे पैसे वाचतात तेवढा धोका वाढतो.

टप्पा ६: कधी घ्यायचा

सेल लागल्या लागल्या नाही. स्टीमच्या मोठ्या सीझनल सेलमध्ये २०१५ च्या शेवटापासून काही तासांच्या फ्लॅश डील बंद झाल्या, आता साधारणपणे पहिल्या दिवशीचा भावच शेवटच्या दिवशीही असतो. गेमच्या पेजवर ऑफर कधी संपते ती तारीख असते, ती बघा आणि तुमच्याकडे सलग दोन-अडीच तास मोकळे असतील अशा दिवशीच घ्या. परीक्षा चालू, प्रवासाला निघालोय, ऑफिसात मरणाचं काम, असे दिवस असतील तर राहू द्या, १४ दिवस बघता बघता जातात.

एका वेळी एकच घ्यायचा. पाच एकदम घेतले की पाचांचेही १४ दिवस एकदम सुरू होतात आणि तपासून होतो एकच.

आणि सेलच्या दोन-चार दिवस आधीच फुल किमतीत घेतला असेल तर डोकं धरून बसू नका. अटींमध्ये बसत असाल तर रिफंड घेऊन सेलच्या भावात परत घेता येतो, स्टीमच्या नियमात हे गैरवापर नाही असं स्पष्ट लिहिलंय.

टप्पा ७: पहिले दोन तास कसे वापरायचे

रिफंडच्या अटीतले हे दोन तास मजेसाठी नाहीत, तपासणीसाठी आहेत. घड्याळ गेम चालू झाल्यापासून पळतं आणि त्याला तुम्ही खेळताय की मेनूत बसलाय याच्याशी देणंघेणं नसतं. डाउनलोडचा वेळ धरत नाहीत, पण गेम उघडल्यावर चालणारं शेडर कंपायलेशन (ग्राफिक्सची आधीची तयारी), मध्ये उघडणारा लाँचर, पॉज करून जेवायला गेलात तो वेळ, सगळं मोजलं जातं. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा कित्येकांचा शेडर बनण्यातच इतका वेळ गेला की खरा गेम बघायच्या आधीच रिफंडची वेळ संपत आली.

१. गेम उघडायच्या आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट, कंट्रोलर चार्ज, वेगळं अकाउंट लागणार असेल तर ते ब्राउझरमधून आधीच बनवून ठेवा. फोनवर ७५ मिनिटांचा टायमर लावा.

२. पहिली १५ मिनिटं: सेटिंग ऑटोवर ठेवून गेम चालू करा आणि फ्रेम (चित्र किती सलग हलतं), अटकणं, क्रॅश, आवाज, अक्षरांचा आकार बघा. सेटिंगमध्ये खुडबुड करत तासभर घालवणारे लोक नंतर म्हणतात रिफंड मिळाला नाही. दोनदा बदल करून सुधारलं नाही तर इथेच थांबा आणि रिफंड.

३. कॅरेक्टर बनवायचं असेल तर तयार चेहऱ्यांपैकी पहिला उचला. नाक-डोळे-भुवया नंतर, गेम ठेवायचा ठरला की नवीन सुरुवात करून निवांत करा.

४. कटसीन (मधले नुसते बघायचे सीन) स्किप करता येत असतील तर करा. शिकवणीचा भाग पटकन उरका आणि खरा खेळ जिथे सुरू होतो तिथे पोचा. मल्टीप्लेअर असेल तर पहिल्या अर्ध्या तासात एक मॅच लागलीच पाहिजे, तीही तुम्ही रोज ज्या वेळेला खेळणार त्या वेळेला.

५. टायमर वाजला की गेम *पूर्ण बंद* करा. नुसता मिनिमाइज नको.

आता उठा, पाणी प्या, आणि बघा परत बसावंसं वाटतंय का. 'पुढे जाऊन मस्त होतो म्हणे' हे ऐकीव वाक्य असेल तर ते उत्तर 'नाही' धरायचं. एखादा गेम खरंच उशिरा रंगतो, मान्य, पण तसं रिव्ह्यूत कारणासकट लिहिलेलं असेल तर उरलेल्या वेळातली वीस-पंचवीस मिनिटं अजून द्या. ११० मिनिटांच्या पुढे जाऊ नका, काटावर खेळायला गेलं की हमखास दोन-चार मिनिटं जास्त होतात.

टप्पा ८: रिफंड मागणं

स्टीमवर: सपोर्ट उघडा, खरेदीच्या यादीतून गेम निवडा, रिफंड हवा असं निवडा, पैसे वॉलेटमध्ये हवेत की ज्यातून भरले तिथे ते ठरवा, कारण एका ओळीत लिहा आणि पाठवा. मंजूर झाल्यावर पैसे साधारण आठवड्याच्या आत येतात, काही पेमेंट पद्धतींना जास्त वेळ लागतो, आणि काही पद्धतींमध्ये परत पाठवता येत नाही, तेव्हा वॉलेटमध्येच येतात.

कारण लिहिताना निबंध नको. 'माझ्या मशीनवर सतत अटकतो' किंवा 'आवडला नाही' पुरतं. खोटी कारणं रचायची गरजच नाही, न आवडणं हे चालणारं कारण आहे. २ तास किंवा १४ दिवस थोडेसे ओलांडले असतील तरी विनंती टाकून बघा, अटींबाहेरच्या विनंत्याही ते बघतात, मिळेलच असं मात्र नाही.

गिफ्ट आलेला गेम असेल आणि तुम्ही तो स्वीकारलेला असेल तर रिफंड तुम्हीच सुरू करायचा, पैसे मात्र देणाऱ्याला परत जातात. तेव्हा आधी त्याला सांगा.

सावधान: दर सेलला वीस गेम उघडून वीसही परत करणं चालवू नका. गैरवापर वाटला तर पुढे रिफंड देणं बंद करू असं स्टीमने लिहून ठेवलंय.

टप्पा ९: मुदत गेलेलीच असेल तर

आधी बघा की अडचण गेमची आहे की सुधारता येण्यासारखी आहे. फ्रेम अटकतायत, कंट्रोलर चालत नाही, स्क्रीनचा आकार चुकतोय, हे बऱ्याचदा 'पीसी गेमिंग विकी'वर त्या गेमचं पान उघडलं की दहा मिनिटांत सुटतं. कठीण जात असेल तर डिफिकल्टी कमी करा, कोणी बघत नाहीये.

पण गेमच आवडला नसेल तर पैसे वसूल करायला म्हणून अजून वीस तास घालू नका. आणि 'डीएलसी घेतली की मजा येईल' म्हणून त्याच गेमवर परत पैसे लावू नका, हा पस्तावा पहिल्यापेक्षा मोठा असतो. अनइन्स्टॉल करा, लायब्ररीत हाइड करा, कायमचा काढून टाकू नका. एक-दोन वर्षांनी मोठा अपडेट आला तर हाइड केलेल्या यादीतून परत बाहेर काढता येतो, आणि नाही आला तरी एसएसडीवरची जागा तर आजच मोकळी होते.